पाठीवर तारीख होती, नाव नव्हते

लंडन शहरातून वाहणारी थेम्स नदी समुद्राच्या भरती-ओहोटीवर चालते. आपल्याकडे दाभोळच्या खाडीचे पाणी जसे दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते, तसेच तिचेही. लंडन पुलाजवळ भरती आणि ओहोटीच्या पातळीत सुमारे सात मीटरांचा फरक पडतो. ओहोटी लागली की दोन्ही काठांना वाळू, गोटे आणि चिखल यांचा रुंद किनारा उघडा पडतो. त्या किनाऱ्यावर काही हौशी माणसे खाली मान घालून फिरत असतात. कोणी नुसत्या नजरेने शोधतो, कोणाच्या हातात धातू शोधणारे यंत्र, म्हणजे मेटल डिटेक्टर असतो.

२०१५ साली अशाच एका हौशी माणसाच्या यंत्राने आवाज दिला आणि चिखलातून एक काळपट, कांशाचा लहानसा क्रॉस वर आला. पुढच्या बाजूला मुकुटावर उभा असलेला सिंह आणि त्याखाली ‘शौर्यासाठी’ अशा अर्थाचे दोन इंग्रजी शब्द. मागच्या बाजूला वर्तुळात एक तारीख: ५ नोव्हेंबर १८५४. तो व्हिक्टोरिया क्रॉस होता. ब्रिटिश फौजेत शौर्यासाठी याहून मोठे पदक नाही. आपल्याकडे परमवीर चक्राला जो मान आहे, तो तिथे या क्रॉसला आहे.

सापडवणाऱ्याने तो विकायला काढला नाही, संग्रहालयाकडे नेला. तिथल्या जाणकारांनी तारखेवरून लढाई लगेच ओळखली. पण पदक कोणाचे, हा प्रश्न सुटेना. कारण व्हिक्टोरिया क्रॉसवर मानकऱ्याचे नाव खुद्द क्रॉसवर कोरलेले नसते. क्रॉस ज्या आडव्या पट्टीला लटकतो, त्या पट्टीच्या मागे सैनिकाचा हुद्दा, नाव आणि पलटण कोरतात. क्रॉसच्या पाठीवर फक्त पराक्रमाची तारीख असते. थेम्सच्या चिखलातून क्रॉस आला, पट्टी आली नाही. तारीख मिळाली, माणूस मिळाला नाही.

या महिन्यात आम्ही हाच विषय घेतला आहे. फौजेत गेलेल्या माणसाची एखादी निशाणी हरवते, वर्षानुवर्षे वाळूत पडून राहते आणि एक दिवस परक्या माणसाच्या हाती लागते. ती परत कशी जाते? आणि कुठे अडते? आमच्या घरांचा या गोष्टीशी काय संबंध, असे काही वाचकांना वाटेल. संबंध आहे, आणि तो बराच जवळचा आहे. त्याकडे आम्ही येतोच.

आधी त्या यंत्राविषयी. मेटल डिटेक्टरच्या खालच्या थाळीत तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यातून दिशा बदलत राहणारी वीज सोडली की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. त्या क्षेत्रात एखादी धातूची वस्तू आली की तिच्यातही विजेचे लहान लहान भोवरे उठतात आणि त्यांचे स्वतःचे क्षारसे चुंबकीय क्षेत्र तयार होते. यंत्र ते टिपते आणि कानात आवाज येतो. दहावीच्या विज्ञानात विद्युतचुंबकीय प्रवर्तन शिकलेल्या मुलांना हे समजायला जड जाऊ नये. समुद्रकिनाऱ्यावर एक अडचण येते. ओल्या खाऱ्या वाळूतूनही थोडीफार वीज वाहते, त्यामुळे साधे यंत्र काही नसतानाही ओरडत राहते. म्हणून किनाऱ्यावर फिरणारे लोक वेगळ्या पद्धतीचे यंत्र वापरतात. ते विजेचे छोटे छोटे ठोके देते आणि ठोका थांबल्यावर जो प्रतिसाद उरतो तेवढाच मोजते. खाऱ्या वाळूचा प्रतिसाद लवकर विरतो, धातूचा थोडा रेंगाळतो. या फरकावर सगळे काम चालते.

या यंत्राची कुळकथाही गोळ्या आणि सुरुंग यांच्याशीच जोडलेली आहे. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. शरीरात रुतलेली गोळी डॉक्टरांना सापडेना. तेव्हा टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी घाईघाईने असे एक यंत्र तयार करून आणले. पण त्यांनाही गोळीचा ठाव लागला नाही. पलंगाच्या गादीतल्या पोलादी स्प्रिंगांनी यंत्राचा गोंधळ उडवला असे सांगतात. १९ सप्टेंबरला गारफिल्ड वारले. पुढे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये आश्रयाला आलेल्या पोलिश सैन्यातले अधिकारी यूजेफ कोसात्स्की यांनी हातात धरून चालता येईल असे सुरुंगशोधक यंत्र बनवले. ऑक्टोबर १९४२ मध्ये इजिप्तमधल्या एल अलामेनच्या लढाईत अशी सुमारे पाचशे यंत्रे वापरली गेली. त्या लढाईत आपल्या देशातली चौथी भारतीय डिव्हिजनही होती. म्हणजे जे यंत्र सैनिकाचा जीव वाचवण्यासाठी वाळूवर फिरले, त्याचीच नातवंडे आज सैनिकांच्या हरवलेल्या निशाण्या शोधत वाळूवर फिरतात.

वाळू किती जपून ठेवते याचा एक दाखला देतो. ६ जून १९४४ रोजी दोस्तांच्या फौजा फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरल्या. त्यातल्या ओमाहा नावाच्या किनाऱ्यावर सर्वांत जास्त रक्त सांडले. १९८८ साली दोन भूशास्त्रज्ञांनी तिथली मूठभर वाळू नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. त्या वाळूत चार टक्क्यांपर्यंत कण धातूचे निघाले. ते तोफगोळ्यांचे आणि बॉम्बचे बारीक तुकडे होते. लढाई होऊन चव्वेचाळीस वर्षे झाली होती. किनारा मात्र अजून ती लढाई अंगावर बाळगून होता.

अशा किनाऱ्यांवर सापडणाऱ्या फौजी वस्तूंमध्ये गुंड्या, पट्ट्यांची बक्कले, टोपीवरचे बिल्ले, अंगठ्या आणि गळ्यातल्या ओळखपट्ट्या असतात. यातली ओळखपट्टी सगळ्यांत बोलकी. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन सैनिकाच्या गळ्यात साखळीला अडकवलेल्या दोन सारख्या धातूच्या पट्ट्या असत. त्यांवर नाव, सैनिक क्रमांक, रक्तगट आणि धर्माचे एक अक्षर ठोकलेले असे. प्रोटेस्टंट, कॅथलिक आणि ज्यू यांची अक्षरे ठरलेली होती, मुसलमानासाठी तेव्हा अक्षर नव्हते. सैनिक पडला तर एक पट्टी मय्यतीबरोबर राही आणि दुसरी दफ्तरात जाई. हेतू साधा होता. माणूस गेला तरी त्याचे नाव जाऊ नये.

ब्रिटिश फौजेने १९१६ पासून दोन चकत्यांची पद्धत घेतली. हिरवी अष्टकोनी चकती प्रेताबरोबर ठेवायची आणि लाल गोल चकती काढून घ्यायची. पण या चकत्या धातूच्या नव्हत्या, दाबलेल्या तंतूंच्या होत्या. ओल्या मातीत त्या कुजत. मातीने नाव खाल्ले की यंत्रही काही करू शकत नाही, कारण त्याला धातूच तेवढा ऐकू येतो. म्हणून पुष्कळ सैनिक पदरचे पैसे घालून धातूची चकती करून घेत आणि मनगटाला बांधत. काही जण तर एखादे नाणे घासून त्यावर नाव कोरून घेत. मरणाच्या दारात उभ्या असलेल्या तरुण मुलांना आपले नाव टिकावे याची किती काळजी होती, ते यावरून कळते.

आता पुन्हा थेम्सच्या त्या क्रॉसकडे वळू. ५ नोव्हेंबर १८५४ ही तारीख क्रिमियाच्या युद्धातल्या इंकरमनच्या लढाईची. धुक्यात झालेल्या त्या लढाईत ब्रिटिश आणि फ्रेंच एका बाजूला, तर रशियन दुसऱ्या बाजूला होते. तुर्कांची उस्मानी सल्तनतही त्या युद्धात ब्रिटिश-फ्रेंचांच्या बाजूने होती. तेव्हा व्हिक्टोरिया क्रॉस अस्तित्वातच नव्हता. तो २९ जानेवारी १८५६ रोजी सुरू झाला आणि आधीच्या पराक्रमांसाठी मागाहून देण्यात आला. २६ जून १८५७ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये राणी व्हिक्टोरियाने ६२ जणांना पहिल्यांदा हे पदक लावले. त्याच दिवसांत आपल्याकडे दिल्ली आणि कानपूर पेटले होते, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे. भारतीय सैनिकांना हे पदक मिळण्याची मुभा १९११ पर्यंत नव्हती. त्यानंतर ते पहिल्यांदा मिळवले शिपाई खुदादाद खान यांनी, ३१ ऑक्टोबर १९१४ रोजी बेल्जियममध्ये केलेल्या पराक्रमासाठी. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीच्या यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांनी इटलीत ते मिळवले. घाडगे यांना ते मरणोत्तर मिळाले.

इंकरमनच्या दिवसासाठी दिलेल्या क्रॉसपैकी बहुतेकांचा ठावठिकाणा लागतो. ज्यांचा लागत नाही अशी दोन नावे पुढे आली. दोघेही साधे शिपाई. एक जॉन बर्न, आयर्लंडचा. पलटण मागे हटत असताना तो शत्रूच्या दिशेने परत गेला आणि गोळीबारातून एका जखमी साथीदाराला घेऊन आला. दुसरा जॉन मॅकडर्मंड. त्याचा कर्नल जखमी होऊन जमिनीवर पडला होता, रशियन सैनिकांनी त्याला घेरले होते. मॅकडर्मंड त्या घोळक्यात घुसला आणि त्याने कर्नलचा जीव वाचवला. मॅकडर्मंड १८६८ साली वारला. बर्नचा शेवट १८७९ साली वेल्समध्ये दुःखद रीतीने झाला. क्रॉस या दोघांपैकी एकाचा, एवढ्यावर गोष्ट येऊन थांबली. बोटभर लांबीची एक पट्टी सोबत असती, तर एका घराला त्यांचा पूर्वज परत मिळाला असता.

सापडलेल्या वस्तूचे काय करायचे, याबद्दल त्या त्या देशांत कायदे आहेत. थेम्सच्या किनाऱ्यावर शोधायला बंदर प्राधिकरणाचा परवाना लागतो आणि तीनशे वर्षांहून जुनी वस्तू सापडली तर ती नोंदवावीच लागते. फ्रान्समध्ये ऐतिहासिक वस्तू शोधण्यासाठी सरकारी परवानगीशिवाय मेटल डिटेक्टर फिरवता येत नाही. नॉर्मंडीचा किनारा त्यातून सुटलेला नाही. आपल्याकडे १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे, असे तो सांगतो. संरक्षित किल्ल्यांच्या आणि स्मारकांच्या आवारात परवान्याशिवाय खोदता येत नाही, हेही आमच्या यंत्रवेड्या तरुणांनी ध्यानात ठेवावे. भारतीय न्याय संहितेच्या ३१४ व्या कलमात सापडलेल्या वस्तूचा वेगळा खुलासा आहे. मालकाला परत देण्याच्या हेतूने वस्तू जवळ ठेवली तर गुन्हा नाही. पण मालक माहीत असताना, किंवा त्याला शोधण्याचा वाजवी प्रयत्न न करता, ती आपली म्हणून वापरली तर गुन्हा आहे.

आपल्या घरांतल्या थोरांना हा खुलासा ऐकून काही नवे वाटणार नाही. सापडलेल्या वस्तूला फिक्हमध्ये लुक्ता म्हणतात आणि तिचा मसला हदीसमध्ये स्पष्ट आला आहे. हजरत जैद बिन खालिद (रजि.) यांच्याकडून आलेल्या त्या हदीसचा आशय असा, की वस्तू ज्या थैलीत आहे ती थैली आणि तिला बांधलेली दोरी नीट ओळखून ठेवा, मग वर्षभर पुकारा करा. धनी आला नाही तर वापरा. पण तो पुढे कधी आला, तर त्याचे त्याला द्यावे लागेल. थैली आणि दोरी ओळखून ठेवा, हा भाग आम्हाला फार मोलाचा वाटतो. सापडलेल्या वस्तूवर धन्याची खूण कोणती, ते आधी पाहायचे आणि ती खूण मिटू द्यायची नाही. खूण गेली की अमानत बेवारस होते. थेम्सच्या क्रॉसचे तेच झाले.

खूण शाबूत असेल तर काय होऊ शकते, तेही पाहा. अमेरिकेत युद्धात जखमी झालेल्यांना आणि मारले गेलेल्यांना ‘पर्पल हार्ट’ हे पदक देतात. मरणोत्तर दिलेल्या पदकाच्या मागे सैनिकाचे नाव कोरलेले आढळते. अशी हरवलेली किंवा विकली गेलेली पदके शोधून घरच्यांकडे पोचवण्यासाठी तिथे २०१२ साली ‘पर्पल हार्ट्स रियुनायटेड’ नावाची संस्था सुरू झाली. त्यांच्या कामाची सुरुवात नावापासून होते. नाव मिळाले की गाव मिळते, गावातून घर मिळते.

आता आपल्या घरांविषयी. आमच्या शाळेत नववीच्या मुलांना आम्ही एकदा सांगितले, की घरातली सगळ्यांत जुनी आणि अक्षरे असलेली वस्तू आणा. कोणी नाव घातलेली तांब्याची कळशी आणली, कोणी निकाहनामा, कोणी आजोबांचे बोटीवरच्या नोकरीचे पुस्तक. एका मुलीने चाव्यांचा जुडगा आणला. जुडग्यात रुपयाहून मोठी एक चांदीची चकती होती. तिच्या नानींच्या कमरेला तो जुडगा कित्येक वर्षे होता. ‘बसरेवाले दादांचा बिल्ला’ एवढेच घरात ठाऊक. सोनाराने दोनदा सांगितले होते, की चांदी चांगली आहे, वितळवून मुलीला पैंजण करा. नानींनी ऐकले नाही, कारण चाव्या अडकवायला दुसरे काही इतके बळकट मिळत नव्हते.

चकतीच्या एका बाजूला ब्रिटिश राजाचा मुखवटा होता, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार आणि दोन साले, १९१४ आणि १९१८. मुले तेच पाहत राहिली. आम्ही चकती आडवी धरली आणि प्रयोगशाळेतले भिंग तिच्या कडेवर फिरवले. झिजलेली अक्षरे एकेक करून दिसू लागली. आधी क्रमांक, मग शिपाई हा हुद्दा, मग इंग्रजी वळणाने वेडेवाकडे लिहिलेले एक मुसलमानी नाव, आणि शेवटी पलटण: मराठा. त्या मुलीने नाव दोनदा मोठ्याने वाचले. घरात त्यांना सगळे बसरेवाले दादाच म्हणत आलेले. त्यांचे खरे नाव तिने पहिल्यांदा त्या कडेवर वाचले.

वर्गातून लगेच प्रश्न आला, की मराठा पलटणीत मुसलमान कसे? उत्तर आपल्या मराठी मुसलमानांनी तरी माहीत करून घ्यायला हवे. पहिल्या महायुद्धापूर्वी मराठा पलटणींमध्ये मराठ्यांच्या कंपन्यांबरोबर दख्खनी मुसलमानांच्या कंपन्याही असत, साधारणपणे आठातल्या दोन. १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी सहाव्या पूना डिव्हिजनमधून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेल्या. कुत-अल-अमारा इथे ही फौज तुर्की सैन्याच्या वेढ्यात सापडली. डिसेंबर १९१५ पासून चाललेला तो वेढा २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागतीने संपला. उपासमार, आजार आणि नंतरची कैद यांत किती तरी माणसे गेली. त्यात साताऱ्या-रत्नागिरीचे मराठे होते आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून दख्खनी मुसलमानही होते. समोर तुर्की खलिफाची फौज, अंगावर इंग्रज राजाची वर्दी. त्या मुसलमान शिपायांच्या मनात काय चालले असेल, याचा विचार आजही आपल्याला अस्वस्थ करतो.

मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर न मिळालेल्या सैनिकांसाठी बसरा इथे एक भव्य स्मारक उभारले गेले. चाळीस हजारांहून अधिक सैनिकांची आठवण त्यात आहे, आणि त्यातले बहुतेक भारतीय सैन्यातले. ब्रिटिश सैनिकांची नावे तिथे दगडावर कोरली. भारतीय अधिकाऱ्यांची नावेही कोरली. पण साध्या भारतीय शिपायांचा पलटणीनुसार फक्त आकडा दिला. अमुक पलटण, अमुक इतके शिपाई. त्यांची नावे वेगळ्या नोंदवह्यांत राहिली, दगडावर आली नाहीत. या स्मारकांची देखभाल करणाऱ्या राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने २०२१ साली अहवाल काढून असा भेदभाव झाल्याचे मान्य केले आणि माफी मागितली. पहिल्या महायुद्धातल्या किमान १ लाख १६ हजार मृतांची नावाने, किंवा कोणत्याच प्रकारे, स्मृती जपली गेली नाही, असे त्या अहवालात म्हटले आहे. त्यात आफ्रिकेतलीच माणसे जास्त आहेत.

आता ती चांदीची चकती पुन्हा हातात घेऊ. ज्या सरकारने बसऱ्याच्या दगडावर शिपायाचे नाव लिहिले नाही, त्याच सरकारच्या टांकसाळीने पदकाच्या कडेवर ते ठोकले होते. पहिल्या महायुद्धाचे चांदीचे ‘ब्रिटिश वॉर मेडल’ आणि कांशाचे विजयपदक या दोन्हींच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण असते. १९१४-१५ च्या ताऱ्यावर ते मागच्या बाजूला असते. दुसऱ्या महायुद्धाची पदके ब्रिटिश सैनिकांना नावाशिवाय दिली गेली, भारतीय सैन्यातल्यांच्या पदकांवर मात्र नावे आढळतात. स्वातंत्र्यानंतरच्या भारतीय पदकांच्या कडेवरही सैनिकाचे नाव असते. म्हणजे एखाद्या गरीब घरातल्या शिपायाचे नाव धातूवर टिकले असेल, तर ते तुमच्या ट्रंकेतल्या, कपाटातल्या किंवा चाव्यांच्या जुडग्यातल्या चकतीच्या अर्ध्या सेंटिमीटरही रुंद नसलेल्या कडेवर.

आणि ते वाळूत नाही हरवत. ते सोनाराच्या मुशीत हरवते. चांदीचे भाव चढले की जुनी पदके वितळतात, हे जगभर झाले आहे. चांदी तोळ्यावर विकली जाते, नावाला वजन नसते. थेम्सच्या क्रॉसची पट्टी निदान अजून कुठे तरी चिखलात असू शकेल. वितळलेली कड कोणत्याही यंत्राला सापडणार नाही.

म्हणून काही साध्या गोष्टी सुचवतो. घरात असे पदक असेल तर ते घासून चकचकीत करू नका. दर ईदला राखेने किंवा पावडरीने घासलेल्या पदकाची कड हळूहळू सपाट होते. मऊ कोरड्या कापडाने पुसणे पुरे. दिवसाच्या उजेडात, भिंग घेऊन कडेवरची अक्षरे वाचा. मोबाइलने फोटो काढताना दोन बाजूंबरोबर कडेचेही फोटो घ्या, कारण खरी माहिती तिथेच आहे. नाव, क्रमांक, पलटण एका वहीत लिहा, आणि शेजारी ते आपले कोण लागतात, कोणत्या गावचे, हे घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला विचारून लिहा. नानी, दादी, फुफी यांच्याकडे जे आहे ते कोणत्याही दफ्तरात नाही.

सैनिक युद्धात वारला असेल, तर युद्धकबर आयोगाच्या संकेतस्थळावर नावाने किंवा क्रमांकाने फुकट शोधता येते. ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातल्या मृत्यूंची नोंद तिथे आहे. नाव शोधताना वेगवेगळी इंग्रजी स्पेलिंगे घालून पाहा. इब्राहिम, इस्माईल, शेख ही नावे गोऱ्या कारकुनांनी कशीकशी लिहिली असतील, याचा नेम नाही. स्वातंत्र्यानंतर फौजेत असलेल्यांविषयी चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात सुरू करता येते.

पदक परक्या घरचे असेल, म्हणजे जुन्या बाजारात मिळाले असेल किंवा समुद्रकिनाऱ्यावर मुलांना सापडले असेल, तर त्याची कड वाचल्याशिवाय त्याचा दुसरा काही विचार करू नका. नाव वाचता आले तर धनी शोधणे आपल्यावर आले. आणि एक सावधगिरीची गोष्ट. किनाऱ्यावर पदक किंवा बिल्ला न सापडता गंजलेला गोळा, काडतूस किंवा ओळखू न येणारी जड लोखंडी नळी दिसली, तर हात लावू नका. मुलांना दूर न्या आणि पोलिसांना कळवा. जुनी दारू शंभर वर्षांनीही जिवंत असू शकते.

ज्यांच्या घरात फौजेतली एकही निशाणी नाही, त्यांच्याकडे बोटीवर काम केलेल्यांची, गिरणीत राबलेल्यांची, पोलीस खात्यात किंवा रेल्वेत गेलेल्यांची काही तरी नाव असलेली वस्तू असेलच. ओळखपत्र, पितळी बिल्ला, शिक्क्याचे पुस्तक. त्यांच्याही कडा वाचा. पुढच्या जुम्म्याला घरातली सगळी माणसे एकत्र असतील, तेव्हा अर्धा तास काढा. ट्रंक खाली उतरवा, मुलांच्या हातात भिंग द्या आणि वही उघडून ठेवा. वाचता आलेले पहिले नाव मुलालाच लिहू द्या.